कुंडावरची हाक

१

रंगूबाईचा नवा गुडघा वाजायचा. उजवं पाऊल टाकलं की बारीकसं ‘टक्’, डब्याच्या झाकणावर कुणी नख मारावं तसं. केसरीनाथनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला वाटलं, डॉक्टर आत काहीतरी विसरले. टाके काढायला भिवंडीला गेले तेव्हा त्यानं तसं विचारूनही टाकलं. विपुल डॉक्टर हसले.

“आजोबा, आत धातू आहे, प्लास्टिक आहे. थोडं वाजणारच. दुखत नाही ना? मग वाजू द्या.”

दुखत नव्हतं, हेच तर नवल होतं. कैक वर्षं रंगूबाई भिंतीला धरधरून चालली होती. आधी भाताची लावणी सुटली, मग पाणी भरणं सुटलं, शेवटी चुलीपुढं उकिडवं बसणंही सुटलं. मुलानं, रघूनं, तिच्यासाठी ओटा बांधून वर गॅस मांडला, तेव्हा म्हातारी त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. चूल मात्र तिनं मोडू दिली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती तशीच थंड पडून होती. आता वॉकर धरून रंगूबाई पडवीपासून त्या चुलीपर्यंत फेऱ्या मारायची आणि दर फेरीला चुलीकडं बघून म्हणायची, “थांब. येतंच हाय.”

केसरीनाथ पडवीत बसून ऐकायचा. तरुणपणी त्यानं भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी केली होती आणि लूमनं त्याच्या कानांची पार वाट लावली होती. माणसांचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू यायचं, पण ठोका मात्र कधी चुकायचा नाही. अख्खी शेड खडखडत असताना आपल्या लूमचा ठोका घसरला तरी त्याला कळायचं. रंगूबाईचा टक् त्यानं तसाच ओळखून ठेवला होता.

“तुमचा लूम आला बघा,” ती पडवीत येताना म्हणायची.

“लूम कसला गो, घोडी आली,” तो म्हणायचा.

दुपारी रघू आणि सून मेघाली काल्हेरला गोडाऊनच्या ड्युटीवर असायची. घरात दोघंच. जेवायची वेळ झाली की आतून हाक यायची, “अवो, चला जेवाय,” आणि केसरीनाथ जागचा न हलता ओ द्यायचा, “आलो.” ही त्याची जन्माची खोड. आधी ‘आलो’ म्हणायचं, मग विचार करायचा.

“यमानं हाक मारली तरी आलो म्हणाल,” रंगूबाई वैतागायची. “कोन बोलवतो ता तरी बघत जावा.”

२

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. टाके निघाले तरी खालच्या टोकाला खपली आहे; जखम पुरती भरेपर्यंत पाय पाण्यात बुडवायचा नाही. मेघालीनं ते पाठ केलं होतं आणि अंघोळीला सासूच्या गुडघ्यावर प्लास्टिक बांधत होती. केसरीनाथनंही ते ऐकलं होतं. पण पाणी म्हणजे विहिरीचं, नळाचं. अकलोलीच्या कुंडाचं पाणी म्हणजे पाणी नव्हे, ते औषध. जुना गुडघा इतकी वर्षं तगला तो त्या गरम पाण्यावरच. दर साली भात झोडून झालं की दोघं तिथं जायची आणि रंगूबाई परत येताना निम्मी वाट चालत यायची. आणि या घरची रीतच होती, नवा बैल आणला की गोठ्यात बांधायच्या आधी कुंडाच्या पाण्यानं त्याचे पाय धुवायचे.

“बैलाला दाखवतो पानी,” रंगूबाई म्हणाली, “आनि माझ्या गुडघ्याला न्हाय?”

पोरं कामावर गेल्यावर दोघं निघाली. अंबाडी नाक्यावरचा एक रिक्षावाला ठरवला, बिहारकडचा, गोड बोलणारा. कुंडावर त्या दिवशी कुणीच नव्हतं. पाण्यावर वाफ होती आणि काडेपेटीची काडी ओढल्यासारखा तो ओळखीचा वास. केसरीनाथनं आधी तांब्यानं पाणी घातलं. मग तीच पायरीवर सरकत सरकत खाली गेली आणि गुडघा बुडेपर्यंत पाय आत सोडून बसली. डोळे मिटले. तिचा चेहरा इतका सैल झाला की केसरीनाथला लग्नातली रंगू आठवली. त्याला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, हे खोटं कशाला सांगायचं?

निघताना तो वाकून तिचं बदललेलं ओलं लुगडं पिळत होता, मग चपला शोधत होता. ती मागं पायरीवरच बसलीय अशा समजुतीनं त्यानं पाण्याकडं बघत म्हटलं, “चल गो, घरा चल.”

उत्तर आलं नाही. “चल ना. जेवाय उशीर होल.”

पाण्यात गुडुप् असं काहीतरी झालं. तेवढ्यात वरून रिक्षावाला ओरडला, “चाचा, किसको बुला रहे हो? चाची तो इधर बैठी है कब की!”

केसरीनाथनं वर पाहिलं. रंगूबाई खरंच रिक्षात बसली होती, वॉकर शेजारी. रिक्षावाल्यानंच तिला हात देऊन वर नेलं होतं. पायरी मोकळी होती. त्याची आई सांगायची, पाण्याकडं तोंड करून कुणाला घरी बोलवू नये. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि म्हातारीच्या तशा छप्पन्न गोष्टी होत्या. केसरीनाथ चपला उचलून निघाला. पण रिक्षात बसल्यावर त्यानं थोडं अंग चोरलं, जागा पुष्कळ असूनही.

३

चार-सहा दिवसांत गुडघा तापायला लागला. अंग गार, गुडघा गरम. कातडी लालसर आणि ताणलेली. “कुंडाची ऊब मुरली आत,” रंगूबाई म्हणाली. तिनं ते हसून म्हटलं, पण रात्री तिला कूस बदलवेना.

“मेघालीला सांगू काय?” त्यानं विचारलं.

“नको. पोर बोलंल. कुंडावर गेलेली कळला तर रघ्या तुमाला फाडून खाईल.”

म्हणून दोघांनी तोंड मिटलं. दुपारी घर रिकामं झालं की केसरीनाथ तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि गुडघ्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायचा. फडकं बघता बघता कढत व्हायचं. असाच एकदा तो घडी बदलत होता. रंगूबाईला डुलकी लागली होती. आणि स्वयंपाकघरात वाजलं, टक्.

त्यानं मांडीवरच्या गुडघ्याकडं बघितलं. गुडघा हलला नव्हता.

टक्. थोडं थांबून, टक्. मधलं अंतर रंगूबाईच्या पावलाचंच.

केसरीनाथ स्वतःशी वाद घालू लागला. पाल असेल. तापलेलं पातेलं निवताना वाजतं. फ्रिज वाजतो. शिवाय लूमवर कान फुटलेल्या माणसानं कानांवर किती भरवसा ठेवावा? त्यानं पाय हलकेच उशीवर ठेवला आणि आत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पातेली पालथी होती, फ्रिज बंद होता. लाईट गेलेली होती. चुलीपुढच्या लादीवर मात्र एक ओलं पाऊल उमटलं होतं. उजवं, एकच. त्यानं पायाच्या अंगठ्यानं ते पुसलं. पाणी कोमट होतं.

रंगूबाईला त्यानं काही सांगितलं नाही. उगाच कशाला तिला घोर?

४

मग ताप भरला. रंगूबाई गोधडीखाली दात वाजवत पडली आणि मेघालीनं पट्टी सोडली तर खपली फुटून पिवळं पाणी पोटरीवर ओघळत होतं. रघूनं गाडी आणली. विपुल डॉक्टरांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. ते काचेच्या नळीत ताकासारखं गढूळ दिसत होतं.

“जखम भिजली होती का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” रंगूबाई म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर मात्र केसरीनाथनं डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं, कुंडाचं, तांब्याचं, बुडवलेल्या पायाचं. डॉक्टर रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “कधी कधी सगळं सांभाळूनही होतं. पण ताप येईपर्यंत थांबायला नको होतं. हे जंतू धातूवर घर करून बसतात, आजोबा. एकदा घर केलं की औषध तिथं पोचत नाही.”

घर करून बसतात. केसरीनाथला आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण तिच्यासाठी कुठल्या डॉक्टरकडं जायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

गुडघा उघडून धुतला. ताप दोन दिवस उतरला आणि पुन्हा चढला. तेव्हा डॉक्टरांनी रघूला आणि त्याला समोर बसवलं. बसवलेला सांधा काढावा लागेल. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवू. पाय काही आठवडे सरळच ठेवायचा, वाकवायचा नाही. जंतू मेले की नवा सांधा.

“आनि न्हाय मेले तर?” केसरीनाथनं विचारलं.

“मग पाय वाचवणं अवघड. आणि रक्तात पसरले, तर जिवावर बेतेल.”

रघू तोंडावर हात धरून बसला. केसरीनाथला वाटलं, मी मेलो असतो तर बरं. म्हातारीनं आयुष्यभर एकच मागितलं होतं, पुन्हा चुलीपुढं बसता यावं. आणि आपण तिला हौसेनं कुंडावर नेलं.

५

सांधा काढला त्या दिवशी रघूनं त्याला जबरदस्तीनं घरी धाडलं. “बाबा, जाऊन जरा पडा. आईची लुगडी घेऊन संध्याकाळी या.”

दुपारची उन्हं तापली होती. वाटेत बांधावर ठकी भेटली, पाड्यावरची. ती त्यांच्याकडं मजुरीला यायची, कधी भांडीही घासायची.

“काकीला लवकर सोडला,” ठकी म्हणाली. “बरा झाला.”

“कुठं सोडला? आज तर आपरेशन झाला तिचा.”

ठकी हसली, मग हसू आवरून तिनं त्याच्या घराकडं पाहिलं. “मागल्या दारी बसलेली ना. पाठमोरी. मी हाक मारली, तं उठून आत गेली.” थोडं थांबून ती म्हणाली, “भराभर गेली.” मग विळा उचलून ती निघाली, आणि घराला वळसा घालून लांबच्या वाटेनं गेली.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत गारवा होता आणि कुठंतरी काडी ओढल्याचा वास. स्वयंपाकघरात चूल पेटवलेली होती. निखाऱ्यांवर राख धरली होती आणि बाजूच्या ताटात तांदळाच्या भाकऱ्या, वर झाकण. केसरीनाथ सकाळपासून उपाशी होता. मेघाली, त्याच्या मनात आलं. पोर सकाळी येऊन करून गेली असेल. मेघालीला गॅसशिवाय काही पेटवता येत नाही, हेही त्याच्या मनात आलं. पण भुकेल्या माणसाला आपल्या सोयीचं तेच खरं वाटतं. तो बसला आणि जेवला. भाकरी मऊ होती, काठाला करपलेली, ज्या जागी रंगूबाईची नेहमी करपायची अगदी तिथंच. फक्त शेवटी जिभेवर गंधकाची चव राहिली.

तो हात धुवायला उठला तेव्हा पडवीत वाजलं.

टक्. टक्. टक्.

अडखळत नव्हतं. वॉकरचा खडखडाट नव्हता. चांगल्या धडधाकट बाईचं पाऊल, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या सांध्याचा हा आवाज, तो सांधा आज सकाळी रंगूबाईच्या पायातून निघाला होता. डॉक्टरांनी स्टीलच्या ताटलीत त्याला दाखवलाही होता. केसरीनाथची पाचावर धारण बसली. लुगडी न घेताच तो मागल्या दारानं बाहेर पडला.

६

“मी? घरी?” मेघाली म्हणाली. “बाबा, मी काल रात्रीपासून इथनं हलले नाय.”

रंगूबाई डोळे उघडून पडली होती. पाय पट्ट्यांत, सरळ, ओंडक्यासारखा. तिनं हात पुढं केला आणि त्याचा हात नाकाशी नेला, त्यानं कुठं काय खाल्लं ते ती नेहमी असंच ओळखायची.

“चुलीवरची भाकर,” ती पुटपुटली. “कोनी वाढली?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. कुंडावर पाठीमागं न बघता मारलेली हाक, ओलं पाऊल, ठकी, भाकरी. रंगूबाईनं शांतपणे ऐकलं.

“मना ठावं हाय,” ती म्हणाली. “मी हितं पडल्या पडल्या ऐकतंय. ती चालली की माझा पाय जड होतो.” मग तिनं त्याचं मनगट धरलं. “जेवलात ता जेवलात. आता हाक आली तर ओ देऊ नका. अजून तिला कोनी ओ दिलेली न्हाय.”

“न्हाय देनार.”

“तुमची खोड मना ठावं हाय.”

“कानाला खडा गो,” केसरीनाथ म्हणाला, आणि खरंच त्यानं कानाची पाळी धरली.

७

सलाईन संपल्या, तेव्हा तिला घरी सोडलं. नर्सबाई रोज येऊन इंजेक्शन द्यायची. खाट पडवीलगतच्या खोलीत टाकली होती आणि स्वयंपाकघराचं दार केसरीनाथ दिवसभर ओढून घ्यायचा. बरेच दिवस काही वाजलं नाही. जखम सुकत आली. “नवा गुडघा बसला ना,” रंगूबाई एकदा म्हणाली, “तं कुंडावर जायाचा न्हाय. लांबनंच नमस्कार.” दोघं हसली. घरात कुणीतरी हसल्याला कितीतरी दिवस झाले होते. केसरीनाथला वाटायला लागलं, सुटलो. सगळे आपल्या फुटक्या कानांचे खेळ.

आणि एका सकाळी ताप परत आला. पट्टीवर पिवळा डाग. रघूनं दवाखान्यात फोन केला. ताबडतोब आणा म्हणाले. गाडी बघायला तो अंबाडीला पळाला. मेघाली नर्सबाईंना बोलवायला गेली. घरात पुन्हा दोघंच राहिली.

केसरीनाथ खाटेच्या कडेला, दाराकडं तोंड करून बसला. तिचा हात त्याच्या हातात होता, तव्यासारखा तापलेला. ती गुंगीत काही बोलत होती, लावणीचं, पोरांच्या लहानपणचं. मध्येच तिनं बोटं आवळली. “ओ देऊ नका हां.”

“न्हाय गो. मी हाय हितंच.”

धुराचा वास आला.

मग टक्. टक्. स्वयंपाकघरात, सावकाश, घरच्या बाईनं आवराआवर करावी तसं. ओढलेलं दार कधी किलकिलं झालं ते त्याला कळलं नाही. फटीतून चुलीचा जाळ लादीवर हलताना दिसला. त्याला बघायचं नव्हतं. त्यानं बघितलं.

चुलीपुढं कुणीतरी उकिडवं बसलं होतं. फटीत मावत होता तो फक्त उजवा पाय, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, वर खोचलेलं ओलं लुगडं, त्यातून लादीवर टपटपणारं पाणी. गुडघा पुरता दुमडलेला होता, डॉक्टरांचा कुठलाही गुडघा इतका दुमडत नाही. त्यावर टाक्यांची रेघ होती. ती रेघ सुबक भरून आली होती.

केसरीनाथनं रंगूबाईचा हात घट्ट धरला. बघायचं नाही. बोलायचं नाही. गाडी येईल. रघू येईल. त्यानं दात दातांवर दाबले. जाळ मंद झाला. भांडं उतरवल्याचा आवाज आला, झाकण ठेवल्याचा आला. त्याला घाम फुटला होता, तरी त्यातही एक खुळा विचार येऊन गेला, आता जेवायची वेळ झाली.

“अवो,” आतून हाक आली. आवाज रंगूबाईचा होता, पण तापातला नव्हे, थकलेला नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीचा, शेतावरून येऊन भाकरी थापणाऱ्या रंगूचा. “चला जेवाय.”

“आलो,” केसरीनाथ म्हणाला.

तोंडातून शब्द गेला आणि मग त्याला ऐकू आला.

त्याच्या हातातली बोटं सैल झाली. खाटेवरचं पुटपुटणं थांबलं. रस्त्यावर लांब कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजत होता. त्याला मागं वळून तिच्याकडं बघायचं होतं, पण मान वळेना, आणि हातातला तो तापलेला हात हळूहळू निवत चालला.

आत दोन ताटं मांडल्याचा आवाज आला.